पेंटियम थ्रीला एकदाचं ग्राफिक्स कार्ड मिळालं

१९९९ च्या दिवाळीत आमच्याकडे पीसी आला. असेम्बल केलेला, पेंटियम थ्री ४५० मेगाहर्ट्‌झ, ६४ एमबी रॅम, ८.४ जीबीची हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) म्हणून एसआयएस ६३२६, ८ एमबीवालं. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून घेतला होता त्यामुळे जे आलं ते सोन्यासारखं होतं, पण पुढच्या मे महिन्यात मित्राकडे गेलो आणि त्याच्या टीएनटी२ कार्डवर नीड फॉर स्पीड हाय स्टेक्स बघितला, रात्रीचा ट्रॅक, समोर हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पसरलेला, आणि घरी येऊन तोच गेम लावला तर सगळे चौकोनी ठिपके आणि वळणावर गाडी अडकत अडकत जाणारी. बाबांना विचारलं, नवीन कार्ड घेऊया का, चार-साडेचार हजाराला येतं. बाबा म्हणाले दहावी होऊ दे. दहावी झाली, मग अकरावीचा क्लास, मग बारावीचा, मग नवीन पीसीच आला आणि हा माळ्यावर गेला. कार्ड राहिलं ते राहिलंच.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आई म्हणाली हे धूड एकतर भंगारात दे नाहीतर तुझ्या घरी ने. घेऊन आलो. आणि ठरवलं की आता कार्ड टाकायचंच, पण नीट, बोर्ड न जाळता. त्याला मला साडेतीन महिने लागले, तेच सगळं लिहितोय, कारण अशी मशीन अजून बर्‍याच जणांच्या माळ्यावर आहेत आणि घाईत करायला गेलं तर पहिल्याच दिवशी संपतात.

पहिली गोष्ट, माळ्यावरून काढून लगेच स्विच ऑन करू नका. मी आधी कॅबिनेट उघडलं. आत धुळीची अक्षरशः गोधडी होती, सीपीयूच्या पंख्यात तर पातीच दिसत नव्हती. गच्चीवर नेऊन ब्लोअर मारला, पण पंखा बोटाने धरून, कारण ब्लोअरने पंखा भणाणून फिरला की बेअरिंग जातं आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डात जायची भीती असते. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल, घड्याळ आणि सेटिंग जपणारा, मेलेला होता, तो बदलला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) एकेक करून टॉर्च मारून बघितले, डोकं फुगलंय का, खालून काही पाझरलंय का. हा बोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवाला (चिपसेट म्हणजे बोर्डवरचे सगळे भाग एकमेकांना जोडणारी चिप), १९९८ सालचा चिपसेट, आणि बोर्डवरचे कपॅसिटर ठणठणीत निघाले. दोन-तीन वर्षांनी नंतरचा बोर्ड असता तर एवढं नशीब नसतं, २००० नंतरच्या काही वर्षांतले बोर्ड खराब कपॅसिटरमुळे ढिगाने गेलेत.

मग पॉवर सप्लाय वेगळा काढून, बोर्डला न लावता, हिरवी वायर काळीला जोडून चालू केला, लोड म्हणून एक जुनी सीडी ड्राइव्ह लावली. मीटरवर लाल वायरला ५.०८, पिवळीला ११.९, नारिंगीला ३.२४. म्हटलं चांगलंय. (इथेच मी फसलो होतो, ते पुढे येईलच.)

हार्ड डिस्क फिरली, विंडोज ९८ सेकंड एडिशन उघडलं, आणि डेस्कटॉपवर बाबांच्या सोसायटीच्या नोटिसा तशाच. बाबा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते, सगळ्या नोटिसा श्री-लिपीत टाइप करायचे. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत होता म्हणून पुढचं काही करायच्या आत ती सगळीच्या सगळी १६ जीबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डवर क्लोन केली, हार्ड डिस्कच्या केबलला लागणारा आयडीई अ‍ॅडॅप्टर लावून. मोठं कार्ड मुद्दामच घेतलं नाही, त्या काळच्या बर्‍याच बायॉसना (बायॉस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) ३२ जीबीच्या वरची डिस्क कळत नाही, मशीन सुरू होतानाच गोठतं.

आता मुख्य मुद्दा, कुठलं कार्ड. इथे माझं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं आणि अजूनही तेच आहे की मिळेल ते सगळ्यात भारी कार्ड जुन्या मशीनमध्ये कोंबण्यात अर्थ नाही. मशीनच्या पेलण्यातलं कार्ड पाहिजे. बसणार का, वीज पुरणार का आणि सीपीयू त्याला कामाला लावू शकणार का, हे तीन प्रश्न, आणि ह्याच क्रमाने.

बसणार का हे एजीपी स्लॉटवरून, म्हणजे बोर्डवर ग्राफिक्स कार्ड बसतं त्या खोबणीवरून कळतं. एजीपी इंटेलने १९९७ मध्ये आणला, त्याआधी कार्ड पीसीआयमध्ये, म्हणजे सगळ्या कार्डांच्या सामाईक स्लॉटमध्ये लागायचं आणि पीसीआयची सगळी मिळून क्षमता सेकंदाला १३३ एमबी, ती पण साउंड कार्ड, लॅन कार्ड सगळ्यांत वाटून. एजीपी १एक्स म्हणजे २६६, २एक्स म्हणजे ५३३, आणि ते एकट्या ग्राफिक्स कार्डला. माझा बोर्ड २एक्सवाला. पण खरी गोम स्पीडमध्ये नाहीये, व्होल्टेजमध्ये आहे. १एक्स-२एक्सच्या काळातले स्लॉट ३.३ व्होल्टवर बोलतात, ४एक्स आलं ते १.५ वर, ८एक्स त्याच्याही खाली. स्लॉटमध्ये नीट बघितलं तर मधे एक प्लास्टिकचा आडवा दात असतो. तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथे मॉनिटरची केबल लागते त्या पत्र्याच्या जवळ असेल तर स्लॉट ३.३ चा. पत्र्यापासून लांब असेल तर १.५ चा. कार्डच्या सोनेरी पट्टीत ह्याच दाताच्या जागी खाच असते. दोन्ही जागी खाच असेल तर ते कार्ड दोन्हीकडे चालतं. म्हणून बाजारात कार्ड हातात घेतलं की मी आधी पंखा किंवा ब्रँड बघत नाही, उलटं करून खाचा मोजतो.

आणि हे उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. इंटेलचे ८४५ चिपसेटचे पेंटियम फोरचे बोर्ड फक्त १.५ व्होल्टवाले आहेत, आणि जुनी काही स्वस्त कार्डं अशी आली होती की खाच दोन्हीकडे पण आतून फक्त ३.३ वर चालणारी. ती त्या स्लॉटमध्ये निमूट बसायची आणि बोर्ड जाळायची. खाच जुळली म्हणजे काम झालं असं धरून चालू नका, कार्डचं मॉडेल शोधून खात्री करा.

अजून एक, बर्‍याच जणांकडे २०००-२००१ चा इंटेल ८१० चिपसेटवाला बोर्ड असेल, तो आपल्याकडे फार खपला कारण ग्राफिक्स बोर्डवरच होतं आणि वेगळ्या कार्डाचे पैसे वाचायचे. त्यात एजीपी स्लॉट नसतोच. एक छोटा तपकिरी स्लॉट दिसतो, तो एजीपी नाही, तो एएमआर आहे, मॉडेमसाठीचा. अशांनी पीसीआयचं कार्ड शोधावं आणि बायॉसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय करावा, दुसरा रस्ता नाही.

माझ्यासाठी दोन पर्याय होते. एक थ्रीडीएफएक्सचं व्हूडू ३, कारण नीड फॉर स्पीडचे त्या काळातले भाग त्यांच्या ग्लाइड ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर सुंदर चालतात. पण डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सचा कारभार विकत घ्यायचं जाहीर केलं, कंपनी संपली आणि आता ती कार्डं संग्राहकांच्या भावात विकली जातात, मला ते परवडण्यासारखं नव्हतं. दुसरा पर्याय एनव्हिडियाचं जीफोर्स २ एमएक्स ४००, २००१ चं कार्ड, दोन्ही खाचा असलेलं, वीज कमी खाणारं, आणि आपल्याकडे त्या काळात बर्‍यापैकी आलेलं त्यामुळे मिळायची शक्यता जास्त. जीफोर्स ४ टीआय पण टाकता आलं असतं म्हणा, पण ४५० मेगाहर्ट्‌झचा सीपीयू त्याला खायलाच देऊ शकत नाही, कार्ड अर्धा वेळ नुसतं बसून राहणार. एमएक्स ४०० ठरलं.

शोध सुरू केला पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेतला, रविवार आणि बुधवारचा. तिथे इलेक्ट्रॉनिक भंगारवाले ताडपत्री टाकून बसतात. तिसर्‍या रविवारी एका दादांकडे पोतं दिसलं, आत नुसती कार्डं, मी हात घातला आणि काळजात चर्र झालं. प्रत्येक कार्डची खालची सोनेरी पट्टी कटरने सरळ कापलेली. सोनं काढायला ती पट्टी वेगळी जाते, उरलेलं कार्ड किलोवर. एक व्हूडू बंशी होती त्यात, वर चिपवर नाव स्वच्छ वाचता येत होतं, खाली काहीच नाही. त्या पट्टीत सोनं असून असून किती असेल. मी दादांना सांगितलं की पट्टी न कापलेली कार्डं बाजूला ठेवा, मी किलोच्या भावापेक्षा जास्त देईन, दर रविवारी येईन. ते म्हणाले ठेवतो की साहेब, आणि खरंच ठेवली. पुढच्या रविवारी सात कार्डं होती, त्यात एक एमएक्स ४००, ३२ एमबी. दोनशे रुपये.

घरी आणलं. पंखा जाम होता, स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, फिरायला लागला. सोनेरी पट्टी आधी पांढर्‍या खोडरबरने हलक्या हाताने घासली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसली, कापूस काळा झाला. पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, जुनं एसआयएस काढलं, नवीन बसवलं, स्क्रू आवळला, स्विच.

एक लांब बीप, दोन छोट्या.

बाबा बाहेर पेपर वाचत होते (त्या आठवड्यात आई-बाबा आमच्याकडेच होते), तिथून म्हणाले, "अरे, हा तर तोच आवाज, कार्ड हललंय बघ." खरंच, २००२ च्या सुमाराला साफसफाईनंतर हा आवाज यायचा आणि बाबा झाकण उघडून कार्ड दाबायचे. ह्या बायॉसमध्ये एक लांब दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले सापडत नाही. खाली वाकून टॉर्च मारला तर प्रकार कळला, पत्रा किंचित वाकडा होता, त्यामुळे स्क्रू आवळला की कार्डाची मागची बाजू खाली जायची आणि पुढची, म्हणजे आतली शेपटी, स्लॉटमधून जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलली जायची. नंतरच्या एजीपी स्लॉटला शेपटीकडे प्लास्टिकची खिटी असते ती ह्याचसाठी, माझ्या बोर्डला ती नाही. पत्रा पकडीने सरळ केला, स्क्रू अर्धा आवळला, शेपटी अंगठ्याने दाबून धरली, मग उरलेला आवळला. ज्यांचं कार्ड "डेड" आहे असं वाटतं त्यांनी एकदा डोळे स्लॉटच्या लेव्हलला आणून बघा, कितीतरी चांगली कार्डं ह्या दोन मिलिमीटरपायी भंगारात गेली असतील.

आता स्क्रीन आली, पण गडबड. बायॉसच्या पहिल्या स्क्रीनवर काही अक्षरं चुकलेली, सगळी नाही, ठरावीक कॉलममधलीच. बायॉसच्या कंपनीचं नाव वेगळंच काहीतरी दिसत होतं. मी वहीत लिहून काढलं. कॅपिटल ए च्या जागी ई, छोट्या आर च्या जागी व्ही. डब्ल्यू आणि डी मात्र बरोबर. बराच वेळ बघत बसलो आणि मग आस्की कोड, म्हणजे कॉम्प्युटरमधले प्रत्येक अक्षराचे ठरलेले आकडे लिहिले. ए म्हणजे ६५, ई म्हणजे ६९. आर ११४, व्ही ११८. दोन्हीकडे फरक बरोबर चारचा! आणि डब्ल्यू आणि डी मध्ये तो चारवाला बिट (आकडा शून्य-एकमध्ये लिहिला की त्यातलं चारचं घर) आधीपासूनच चालू असतो म्हणून ते बदलत नाहीत. म्हणजे कार्डच्या मेमरीची एक डेटा लाइन कायम एकवर अडकलेली. चिप मेलीय किंवा तिचा एक पाय सुटलाय.

भिंग घेऊन बसलो. मेमरी चिपचे पाय इतके जवळ असतात की नुसत्या डोळ्याला ती एक चंदेरी रेघच दिसते, भिंगाखाली मग एकेक पाय वेगळा. सुईच्या टोकाने प्रत्येक पाय अगदी हलका ढकलून बघितला, तिसर्‍या चिपचा कडेपासून पाचवा पाय हलला. पोत्यात कशाचातरी दाब बसून पॅडवरचं सोल्डर तडकलं होतं. फ्लक्स लावला, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न त्या एका पायाला दोन सेकंद टेकवलं, कथिल नवीन घातलंच नाही, होतं तेच वितळून बसलं. परत लावलं. सगळी अक्षरं बरोबर. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

पण पाय मोजताना एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती डोक्यातून जाईना. कार्डवर मेमरीच्या चारच चिप होत्या, प्रत्येकीला ५४ पाय. अशा कार्डांवरची ५४ पायांची एसडीरॅम चिप १६ बिटची असते, ८६ पायांची ३२ बिटची. म्हणजे चार गुणिले सोळा, ६४ बिट. एमएक्स ४०० ला मेमरीकडे जायला खरं तर १२८ बिटचा रस्ता पाहिजे. त्या काळात स्वस्तात विकायला काही कार्डं अशी अर्ध्या रस्त्याची काढली होती, खोक्यावर नाव तेच. १६६ मेगाहर्ट्‌झला १२८ बिट म्हणजे सेकंदाला साधारण २.६ जीबी, ६४ बिट म्हणजे त्याच्या निम्मं. गिर्‍हाईकाला हे कुठेही सांगितलेलं नसायचं आणि ह्याची मला आजही चीड येते, कारण ज्याने चार पैसे साठवून घेतलं त्याला कधी कळलंच नाही की आपलं कार्ड मित्राच्या कार्डापेक्षा हळू का.

म्हणून दुसरं शोधलं. ते मिळालं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ऑफिसच्या कामाला गेलो होतो तेव्हा. चौथ्या मजल्यावरच्या एका रिपेअरिंगवाल्या काकांकडे ड्रॉवरमध्ये होतं, आठ चिप, ५४ पायांच्या, ६४ एमबी, पंखा नाही नुसताच हीटसिंक. काकांनी समोर मशीनला लावून दाखवलं. सातशे म्हणाले, मी घासाघीस केली नाही.

विंडोज ९८ मध्ये कार्ड बदलताना एक शिस्त पाळावी लागते. जुनं कार्ड आत असतानाच त्याचा ड्रायव्हर काढायचा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये साधं स्टँडर्ड व्हीजीए करायचं, बंद करायचं, मग कार्ड बदलायचं. नाहीतर दोन ड्रायव्हर एकमेकांत अडकतात आणि मग सेफ मोडच्या वार्‍या. विंडोजच्या सीडीतलं विन९८ नावाचं फोल्डर आधीच डिस्कवर कॉपी करून ठेवा, दर दहा मिनिटांनी ते सीडी मागतं. बायॉसमध्ये व्हीजीएला आयआरक्यू (कार्डाने सीपीयूला हाक मारायची लाइन) द्यायचा पर्याय चालू करा, तो बंद असेल तर एनव्हिडियाची कार्डं थ्रीडी सुरू करताच लटकतात. एजीपी अ‍ॅपर्चर ६४ एमबी ठेवलं. अ‍ॅपर्चर म्हणजे तेवढी रॅम खाल्ली जाते असा समज आहे, तसं नाहीये, ती फक्त पत्त्यांची राखीव जागा असते, रॅम लागेल तशीच घेतली जाते.

ड्रायव्हरच्या बाबतीत मी आधी विंडोज ९८ साठीचा सगळ्यात शेवटचा, ८१.९८ टाकला. मशीन एकदम जड झालं. साहजिक आहे, तो ड्रायव्हर त्याच्या कितीतरी नंतरच्या कार्डांसाठी आणि तगड्या सीपीयूसाठी. तो पुसून डेटोनेटर ३०.८२ टाकला, २००२ चा. खिडक्या पटपट उघडायला लागल्या. जुन्या कार्डाला त्याच्या वयाचा ड्रायव्हर द्यावा.

आणि मग क्वेक थ्री हा गेम लावला, नव्वद सेकंद चालला असेल, मशीन रीस्टार्ट. परत लावलं, परत. डेस्कटॉपवर तासन्‌तास ठीक, थ्रीडी सुरू झालं की दोन मिनिटांत गचके. ड्रायव्हर बदलून बघितला, रॅम काढून घातली, कार्ड बदलून ६४ बिटवालं लावलं, तेच. दोन संध्याकाळ ह्यात गेल्या. शेवटी मीटरची पिन चालू मशीनच्या नारिंगी वायरच्या मागून कनेक्टरमध्ये सरकवली आणि गेम सुरू केला. आकडा ३.२ वरून उतरत उतरत ३.०२ ला आला, आणि काळा पडदा. ३.३ ला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३.१४ च्या खाली जायला नको. मी सुरुवातीला सीडी ड्राइव्हच्या लोडवर मोजलं होतं आणि सीडी ड्राइव्ह ३.३ ची लाइन वापरतच नाही, त्यामुळे तो चांगला आकडा काही उपयोगाचा नव्हता. एसआयएसवाल्या कार्डाची भूक एवढी कमी होती की सप्लायची ही दुखणी इतकी वर्षं झाकलेलीच राहिली.

नवीन पॉवर सप्लाय घेणं सोपं वाटतं पण हल्लीचे सप्लाय सगळी ताकद १२ व्होल्टवर देतात, आणि माझ्या मशीनच्या काळातले बोर्ड सीपीयूची वीज ५ व्होल्टवरून घेतात. म्हणून जुनाच दुरुस्त करायचं ठरवलं. इथे कळकळीने सांगतो, पॉवर सप्लायचा डबा सवय नसेल तर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून २२०० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, १०५ डिग्रीचे लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर आणले आणि डबा घेऊन ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी मोठे कपॅसिटर डिस्चार्ज केले, मग ३.३ च्या लाइनवरचे दोन काढून माझ्या तळहातावर ठेवले. वरचं टोक घुमटासारखं फुगलेलं, बुडाशी वाळलेल्या चहासारखा डाग. बाहेरून, पंख्याच्या जाळीतून, ह्यातलं काहीच दिसलं नसतं.

घरी आल्यावर लोडवर ३.२९. क्वेक थ्रीचा टाइमडेमो (ठरलेला खेळ आपोआप चालवून फ्रेम मोजणारी चाचणी) रात्रभर लूपमध्ये लावून ठेवला, सकाळी चालूच होता.

दोन्ही कार्डं असल्यामुळे शेजारीशेजारी मोजता आली. ६४० बाय ४८० ला, १६ बिट रंगात, ६४ बिटवाल्याने सेकंदाला ६६ फ्रेम दिल्या आणि १२८ बिटवाल्याने ६८. म्हणजे काही फरकच नाही, तिथे सीपीयू दमलेला असतो. पण १०२४ बाय ७६८ ला ४१ विरुद्ध ६१, आणि ३२ बिट रंग केले की २४ विरुद्ध ४३. चार चिप जास्तीच्या, बाकी तेच कार्ड. एसआयएसवर हा गेम मी मोजायला लावलाच नाही, तो आधीही कधी खेळण्यासारखा चालला नव्हता.

मग हाय स्टेक्स लावला. रात्रीचा ट्रॅक निवडला. उजेड रस्त्यावर तसाच पसरला जसा मित्राकडे बघितला होता, वळणावर झाडांवर जाऊन परत रस्त्यावर आला. मी तीन लॅप मारले आणि कंट्रोलर बाजूला ठेवून नुसता रिप्ले बघत बसलो.

बाबांना बोलावलं. त्यांना गेममध्ये काही रस नव्हता, म्हणाले माझ्या नोटिसा उघडून दाखव. उघडल्या. ते खुर्चीत बसले, चष्मा वर केला, परत खाली घेतला. म्हणाले, "ह्याची थरथर कशी गेली? पूर्वी तासभर टाइप केलं की डोकं धरायचं."

मला दोन मिनिटं कळेना ते काय म्हणतायत. मग सेटिंग उघडून बघितली. जुन्या ड्रायव्हरने मॉनिटर कधी ओळखलाच नव्हता, अननोन मॉनिटर म्हणून पहिल्या दिवसापासून तो ६० हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढत चालत होता. नवीन ड्रायव्हर टाकताना मी मॉनिटरचं मॉडेल निवडलं होतं आणि ८०० बाय ६०० ला ८५ हर्ट्‌झ केलं होतं, ते पण सहज, जाता जाता. काचेच्या ट्यूबवर ६० आणि ८५ मधला फरक पांढर्‍या पानावर सगळ्यात जास्त जाणवतो, आणि बाबा त्या पांढर्‍या पानासमोर कितीतरी वर्षं बसले होते. ती सेटिंग त्या जुन्या कार्डावरही बदलता आली असती. मी तेव्हा घरातला कॉम्प्युटरवाला होतो, मला गेमचे ठिपके दिसत होते आणि बाबांचं डोकं दुखतं हे आई सांगायची ते मला उन्हामुळे वाटायचं.

बाबांनी २००३ ची पाण्याच्या टाकीच्या साफसफाईची नोटीस उघडली, पूर्ण वाचली, एका ठिकाणी र्‍हस्व-दीर्घ चुकला होता तो दुरुस्त केला आणि सेव्ह केली.